डिसेंबरातलं कलकत्ता: गाडीच्या पॅकेजला दोन स्टार, मेट्रो आणि लाँचला पाच

ख्रिसमसच्या सुट्ट्यांत कलकत्त्याला जायचा विचार करणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण निघण्याआधी मी शोधलं तेव्हा सगळीकडे "ही दहा ठिकाणं बघाच" छाप याद्याच सापडल्या. ठिकाणं काय, कोणीही सांगेल. खरा प्रश्न सूर्याचा आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो! आपल्या नागपूरला साडेपाच-पावणेसहापर्यंत उजेड असतो, मुंबई-पुण्याला तर सहापर्यंत, त्यामुळे आपलं डोकं त्याच हिशोबाने चालतं की नाश्ता वगैरे करून दहाला निघू आणि संध्याकाळपर्यंत फिरू. तिथे दहाला निघालात तर अर्धा दिवस तिथेच गेला समजा. उलट सकाळी सव्वासहालाच लख्ख उजेड होतो, हवा मस्त गार, बारा-चौदा डिग्री, रस्ते रिकामे, आणि आपण हॉटेलात रजई ओढून झोपलेले.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे गाडीचं पॅकेज. आम्ही सगळे मिळून मोठा गोतावळा होतो, सासूबाई, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि दोन्ही घरची पोट्टे. दीरांनी नागपूरहूनच फोनवर एका दिवसाचं साइटसीइंग बुक केलं होतं. नाव लिहीत नाही, असे पन्नास लोक तिथे हेच विकतात आणि सगळ्यांचं माप एकच असतं, आठ तास ऐंशी किलोमीटर, सात सीटची एसी गाडी, बारा पॉइंट. पार्किंग वेगळं, तिकिटं वेगळी, ड्रायव्हरचं जेवण वेगळं. ड्रायव्हर दादा माणूस एकदम गोड, सासूबाईंना पहिल्या मिनिटापासून माशीमा माशीमा (म्हणजे मावशी) करून हाताला धरून उतरवायचे, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या बारा पॉइंटच्या आखणीबद्दल.

गाडी सव्वादहाला आली. पहिला पॉइंट बिर्ला मंदिर, ठीक. मग कुठल्यातरी हातमागाच्या दुकानात नेलं, "फक्त दहा मिनिटं दीदी", तिथे जाऊबाई आणि मी पाऊण तास साड्यांच्या ढिगाऱ्यात, हा बारातला एक पॉइंट बरं का, मोजलेला! त्यानंतर बेलूर मठाकडे (रामकृष्ण मिशनचं मुख्यालय) निघालो ते नदीपलीकडे ट्रॅफिकमध्ये रांगत रांगत पोचलो तर गेट बंद. दुपारी मठ काही तास बंद असतो, रोजच असतो, आणि रोज टुरिस्ट नेणाऱ्या माणसाला ते माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. दक्षिणेश्वरचं कालीमंदिरही दुपारी बंद. मग पुन्हा ट्रॅफिक, हावडा ब्रिज गाडीच्या काचेतून, "तो बघा ब्रिज, बघितला?", सायन्स सिटी बाहेरून, ईडन गार्डन बाहेरून, आणि व्हिक्टोरिया मेमोरियलला पोचेस्तोवर अंधार पडायला लागलेला. गेटबाहेर फोटो. बारा पॉइंट झाले म्हणे. पैसे साडेचार हजार अधिक पार्किंग. दोन स्टार देतेय त्यातला एक ड्रायव्हर दादांचा आहे आणि दुसरा सासूबाईंच्या गुडघ्यांना त्या दिवशी आराम मिळाला त्याचा.

आता खरी मजा. बाकीचे दिवस आम्ही मेट्रो, लाँच आणि पाय यांच्यावर काढले आणि त्याला पाच स्टार, जास्त असते तर जास्त दिले असते.

कलकत्त्याची मेट्रो देशातली पहिली, 1984 साली सुरू झालेली, पण गोष्ट तिच्या वयाची नाहीये. 2024 च्या मार्चमध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड हा तुकडा सुरू झाला जो हुगळी नदीच्या खालून जातो, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये मधला सियालदाचा तुकडा जोडला गेला, त्यामुळे आता हावडा स्टेशनवर गीतांजली एक्स्प्रेसमधून उतरायचं, तिथल्या तिथेच खाली मेट्रोत शिरायचं आणि थेट एस्प्लनेडला म्हणजे शहराच्या मधोमध बाहेर पडायचं. दहा रुपये! पूर्वी हावड्याला उतरलं की टॅक्सीवाल्यांशी घासाघीस आणि मग ब्रिजवर अडकणं हा ट्रिपचा पहिला अनुभव असायचा, तो आता संपला. नदीखालचा भाग अर्धा किलोमीटरच्या आसपास आहे, पाऊण मिनिटात पार होतो, बोगद्यात निळे दिवे लावलेत म्हणून कळतं की आता डोक्यावर गंगा आहे (तिथले लोक हुगळीला गंगाच म्हणतात). पोट्ट्यांना ते इतकं आवडलं की पलीकडे उतरून परत उलट फेरी मारायला लावली. हावड्याचं मेट्रो स्टेशन भल्ली खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत, पण लिफ्ट आहे. जुन्या, म्हणजे 1984 वाल्या निळ्या लाइनच्या स्टेशनांवर मात्र सगळीकडे लिफ्ट मिळेलच असं नाही, गुडघेवाल्या मंडळींनी तेवढं धरून चालावं. आणि गाडीत कितीही गर्दी असो, सासूबाई चढल्या की कोणीतरी उठणारच, "बोशून माशीमा". एकदाही त्या उभ्या राहिल्या नाहीत.

विमानाने येणाऱ्यांसाठी, एअरपोर्टपासूनही आता मेट्रो आहे, नोआपाड्याला बदलून निळी लाइन घ्यायची. पहिल्याच दिवशी स्मार्ट कार्ड काढून टाका, सगळ्या लाइनींवर चालतं, रांग वाचते. रविवारी मात्र मेट्रो उशिरा सुरू होते, नऊच्या सुमारास, तेव्हा रविवारची सकाळ पायी फिरण्याला ठेवा.

लाँच म्हणजे नदीवरच्या फेरीबोटी. हावडा स्टेशनसमोरच घाट आहे, तिथून बाबूघाट, बागबाजार वगैरे ठिकाणी सुटतात, तिकीट तिथल्या कुल्हडातल्या चहापेक्षा स्वस्त. टुरिस्टसाठी नाहीच ती, ऑफिसला जाणारी माणसं, सायकली, भाजीचे गठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये आपण. हावडा ब्रिज बघायचा तर इथून. गाडीतून फक्त लोखंडाची जाळी दिसते, पाण्यावरून कळतं की केवढं मोठं धूड आहे ते, मधल्या 457 मीटरमध्ये नदीत एकही खांब नाही, आणि अख्खा पूल रिव्हेटवर उभा, नट-बोल्ट नाहीत. 1943 मध्ये, युद्ध चालू असताना, रहदारीला खुला केला. साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं त्यातलं बहुतेक टाटांचं, हे नवऱ्याने तीनतीनदा सांगितलं म्हणून लिहितेय, परतीला टाटानगर आलं तेव्हा चौथ्यांदा. सकाळी सात-साडेसातला पुलाखालच्या मल्लिक घाटावर फुलांचा बाजार असतो, झेंडूच्या माळांच्या वेटोळ्या डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात, चिखल असतो, चांगल्या चपला घालू नका, मध्ये उभं राहून रील काढू नका, ओरडतात आणि बरोबरच ओरडतात.

दक्षिणेश्वर आणि बेलूरचा जो बट्ट्याबोळ पॅकेजने केला तो आम्ही दुसऱ्या दिवशी निस्तरला. निळ्या लाइनचं शेवटचं स्टेशनच दक्षिणेश्वर. सकाळी लवकर पोचायचं, स्टेशनपासून मंदिरापर्यंत स्कायवॉक आहे, रस्ता ओलांडायची भानगड नाही. राणी राशमोनीने बांधलेलं हे मंदिर 1855 चं, नऊ शिखरांचं, आणि रामकृष्ण परमहंस इथलेच पुजारी. मोबाइल जमा करावा लागतो. दर्शन झालं की मागच्या घाटावरून लाँच पकडून थेट बेलूर मठ, आणि हा नदीवरचा प्रवासच खरं तर त्या दिवसातला सगळ्यात सुंदर भाग. मठात दुपारी बंद व्हायच्या आत पोचलो. सासूबाई तिथे बाकावर बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. फक्त 1 जानेवारीला तिकडे फिरकू नका, त्या दिवशी कल्पतरू उत्सव असतो, रामकृष्णांच्या भक्तांची प्रचंड गर्दी लोटते.

व्हिक्टोरिया मेमोरियल. 1906 ला पायाभरणी, 1921 ला उघडलं, मकराण्याचा संगमरवर, म्हणजे ताजमहालाचाच. लोक बाहेरून फोटो काढून जातात पण आतलं म्युझियम चांगलं आहे, जुन्या कलकत्त्याची चित्रं आहेत, आणि वेरेश्चागिन नावाच्या रशियन चित्रकाराचं जयपूरच्या मिरवणुकीचं एक भिंतभर चित्र आहे त्यापुढे नवरा अर्धा तास उभा. सोमवारी म्युझियम बंद, आपलं इंडियन म्युझियमही सोमवारी बंद, जोरासांकोची ठाकुरबाडी (रवींद्रनाथांचं घर) तीही सोमवारी बंद. सोमवार हा कलकत्त्यात नदी, देऊळ आणि खाण्याचा वार आहे असं समजून प्लॅन करा, पॅकेजवाले हेही सांगत नाहीत.

इंडियन म्युझियम 1814 चं, देशातलं सगळ्यात जुनं, तिथे इजिप्तची ममी आहे आणि पोट्टे ममीसाठीच आलेले असतात, पण आपण भारहुतच्या बौद्ध स्तूपाचा दगडी कठडा नीट बघा, दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, आहेत त्यावर. बाकी दालनं मोठी, थंडगार, थोडी धुळकट, दमायला होतं. एल्गिन रोडवरचं नेताजी भवन छोटं आहे आणि मला जास्त आवडलं. 1941 च्या जानेवारीत सुभाषबाबू इंग्रजांच्या पहाऱ्यातून ज्या वाँडरर गाडीतून निसटले ती गाडी तिथे उभी आहे. ज्या घरातून माणूस पळाला त्याच घरात ती गोष्ट वाचताना आमचा आठवीतला पुतण्या, जो एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही, तो प्रश्न विचारायला लागला.

जोरासांकोला रवींद्रनाथांचं घर, लाल वाडा, मोठं अंगण. तिथल्या एका गोष्टीत आपला जीव अडकण्यासारखा आहे, रवींद्रनाथांचे एक मोठे भाऊ सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) अधिकारी, त्यांची नोकरी सगळी आपल्या मुंबई इलाख्यात गेली, आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. आणि दुसरीकडे, नागपूरकरांनी जरा जपूनच मिरवावं असंही एक प्रकरण आहे तिथे. बागबाजारमध्ये मराठा डिच नावाची गल्ली आहे! 1742 साली आमच्याच रघुजीराजे भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा कलकत्त्यातल्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, फौजा शहरापर्यंत आल्याच नाहीत, खंदकही अर्धवटच राहिला, पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगालमध्ये अजूनही बाळांना झोपवायच्या अंगाईत "बर्गी आले" अशी भीती घालतात, बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. आमच्या होमस्टेच्या काकूंना आम्ही नागपूरचे म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, "ओ बाबा, बोर्गी!" आणि वाढायला घेतलं, मग काय, भरपूर जेवलो.

खाण्याचं. हिवाळ्यात कलकत्त्याला जायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे नोलेन गूळ, माझ्यापुरतं तरी. खजुराच्या झाडाचा रस रात्रभर मडक्यात उतरवून पहाटे आटवतात, थंडी पडल्याशिवाय होत नाही, म्हणून वर्षातले तीनेक महिनेच मिळतो, आणि त्या काळात मिठाईच्या प्रत्येक दुकानात सगळं पांढरं जाऊन बदामी रंगाचं होतं. संदेश, रसगुल्ला, पायेश म्हणजे खीर, आइस्क्रीम, सगळ्यात तोच. हेदुआजवळचं गिरीशचंद्र दे आणि नकुरचंद्र नंदी हे दुकान 1844 पासूनचं आहे, बसायला जागा नाही, जाळीपलीकडून देतात आणि रस्त्यावर उभं राहून खायचं. जोलभोरा संदेश मागा, चावलं की आतून पातळ गूळ येतो, शर्ट सांभाळा. जयनगरचा मोआ म्हणजे कनकचूर भाताच्या लाह्या आणि नोलेन गुळाचा मऊ लाडू, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला, पण रस्त्यावर जयनगर लिहून काहीही विकतात, त्यामुळे चांगल्या दुकानातूनच घ्या. संत्र्यांबद्दल मात्र माफ करा, तिथे दार्जिलिंगची छोटी कोमलालेबू मिळतात, गोड असतात, मान्य, पण नागपूरवाल्याला कोणी संत्र्यावर लेक्चर देऊ नये.

शाकाहारी लोकांची उपासमार होते हा भ्रम आहे. सासूबाई पक्क्या शाकाहारी. सकाळी कोचुरी आणि आलूची भाजी, दुपारी लुची-छोलार डाळ, धोकार डालना म्हणजे डाळीच्या वड्यांचा रस्सा, बेगुन भाजा, हे सगळं घराघरातलं जेवण आहे आणि साध्या पाइस हॉटेलांत, म्हणजे स्वस्त खानावळींतही मिळतं, फक्त आधी "निरामिष" (शाकाहारी) म्हणून सांगायचं, आणि कांदा-लसूणही नको असेल तर तेही सांगायचं. आम्ही बाकीचे बटाटा घातलेली बिर्याणी आणि काठी रोलवर तुटून पडलो. बिर्याणीत बटाटा हा प्रकार बघून दीर नाक मुरडत होते ते शेवटी पोट्ट्यांच्या ताटातला बटाटा उचलताना पकडले गेले. पुचका म्हणजे पाणीपुरी, पण चिंचेचं पाणी आणि मसालेदार बटाटा, आपल्यासारखं गोड पाणी मागू नका, पुचकावाला दयेने बघतो.

कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस, कॉफी साधारण, वातावरणाला पैसे. उंच छत, पगडीवाले वेटर, दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. जवळच पॅरामाउंटचं डाब शरबत, 1918 पासूनचं दुकान, शहाळ्याचं पाणी आणि मलई, ते कॉफीपेक्षा कैक पटीने चांगलं. पुस्तकांचे ठेले बघायचे तर रविवार सोडून जा.

ट्राम. 1873 मध्ये पहिल्यांदा धावली आणि आता मोजक्याच मार्गांवर उरली आहे, सरकारने 2024 मध्ये एस्प्लनेड-मैदान एवढा एक मार्ग ठेवून बाकी बंद करायचं जाहीरही केलंय. दिसली की चढा, कुठे जाते विचारू नका, पुढच्या वेळी असेल की नाही माहीत नाही. पिवळ्या अँबेसेडर टॅक्सीचंही तेच, गाडीचं उत्पादनच 2014 ला बंद झालं, उरलेल्या टॅक्सी पंधरा वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमात एकेक करून जातायत. तरी एकदा बसा, मागच्या सीटवर आम्ही चौघं आरामात मावलो.

आता ख्रिसमस. पार्क स्ट्रीटची रोषणाई खरंच बघण्यासारखी, अख्खा रस्ता दिव्यांच्या कमानींनी भरलेला, अॅलन पार्कात गाणीबजावणी, आणि धर्म कुठलाही असो, अख्खं कलकत्ता डोक्यावर लाल टोपी घालून आलेलं. पण 24 आणि 25 च्या संध्याकाळी लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका, प्लीज. पाऊल आपलं आपण टाकत नाही, गर्दी टाकते. रोषणाई आधीपासून लागते आणि नव्या वर्षापर्यंत राहते, आम्ही 22 ला गेलो, निवांत बघितलं, सासूबाईंनी सुद्धा. 25 ला सकाळी सेंट पॉल्स कॅथेड्रल बाहेरून बघून मैदानावर ऊन खात बसलो. न्यू मार्केटमधलं नाहूम हे ज्यू कुटुंबाचं बेकरी दुकान 1902 पासूनचं, फ्रूट केकसाठी ख्रिसमसच्या आठवड्यात रांग लागतेच, सकाळी लवकर जाणं हाच उपाय. अलीपूरचं प्राणिसंग्रहालय 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला पूर्ण टाळा, त्या दोन दिवशी तिथे प्राण्यांपेक्षा डबे उघडून बसलेली कुटुंबंच बघायला मिळतात. पोट्टे फार हट्टाला पेटले तर मधल्या एखाद्या दिवशी.

थंडीचं विचाराल तर नागपूरवाल्याला काहीच नाही. एक स्वेटर पुरतो. पण तिथली माणसं नोव्हेंबरपासूनच माकडटोपीत असतात, सोळा डिग्रीला गळ्यात मफलर, आणि आपल्याकडे बघून "ठांडा लेगे जाबे" म्हणून काळजी करतात. हवा मात्र संध्याकाळी धुरकट होते, दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि पंप सोबत ठेवा.

राहायचं तर कुठल्याही मेट्रो स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत, बाकी काही बघू नका. आम्ही कालीघाटजवळ होमस्टे घेतला होता, निळी लाइन, सरळ. पार्क स्ट्रीटच्या आसपासचे दर ख्रिसमसच्या आठवड्यात गगनाला भिडतात, त्यात संध्याकाळी रस्ते बंद असल्यामुळे टॅक्सी दारापर्यंत येत नाही. रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, उघडल्या दिवशीच सकाळी आठला बसा. नागपूरहून गीतांजलीने संध्याकाळी निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, म्हणजे त्या दिवशी फार काही बघायचा प्लॅन ठेवू नका, पाचला अंधार आहे हे विसरू नका.

आणि येताना मिठाई आणायची असेल तर नोलेन गुळाचा मऊ संदेश आणू नका, गाडीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आंबतो. टिनमधले रसगुल्ले आणा, कडक पाकाचा संदेश आणा, आणि गुळाची पाटाली, म्हणजे ढेप, ती सुती कापडात गुंडाळून वरच्या बर्थवर ठेवा, खाली ठेवली तर मुंग्या लागतात.